पाऊस लागल्यापासून कोल्ड रूमचा अलार्म पहाटेच वाजतोय, मेकॅनिक म्हणतो कंप्रेसर बदला

पाटणची_ताई

नमस्कार. पनीर आणि चक्का करून विकायचा आमचा घरचा धंदा आहे, पाटण तालुक्यात. माल कराडच्या हॉटेलांना जातो आणि एक टेम्पो रोज पहाटे कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरतो. श्रावण तोंडावर आलाय, म्हणजे आमची सुगी, आणि नेमकी आत्ताच कोल्ड रूम रुसली आहे.

रूमची माहिती आधीच देते, नाहीतर तुम्ही विचारणारच. बारा बाय दहा फूट, उंची आठ. पफ पॅनल (फोम भरलेल्या भिंती) ८० एमएमचं. आत छताला टांगलेलं दोन पंख्यांचं कॉइल युनिट, बाहेर पत्र्याच्या शेडखाली कंप्रेसर आणि कंडेन्सर, साधारण एक टनाचं. गारवा करणारा गॅस ४०४ए. सेटिंग ३ डिग्री, अलार्म ८ ला लावलेला.

होतं असं की पहाटे चार-साडेचारला भोंगा वाजतो. डिस्प्लेवर 'एचए' (तापमान वाढल्याचा इशारा) आणि आकडा आलटून पालटून दिसतो, कधी ९, कधी १०. कंप्रेसर मात्र चालूच असतो, थांबायचं नावच नाही. आतले पंखेही फिरताना दिसतात, पण समोर हात धरला तर वारा नुसता हाताला चाटून जातो. यजमान उठतात, मेन स्विच बंद करतात, तेवढ्यात टेम्पो भरून घेतात आणि अर्ध्या-पाऊण तासानं परत चालू करतात. मग अकरापर्यंत आकडा ४ वर येतो आणि दिवसभर गुमान चालतं. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

मला न कळणारी गोष्ट ही, की मे महिन्यात शेडचा पत्रा असा तापायचा की हात लावता येत नव्हता, तेव्हा या रूमनं एकदाही कुरकुर केली नाही. आता बाहेर गार वारा, अंगावर स्वेटर, आणि हिला थंडी धरवत नाही! सासूबाई म्हणतात, मशिनीला सर्दी झालीय. हसले, पण मेकॅनिकपेक्षा त्यांचंच पटायला लागलंय.

मेकॅनिकनं आधी गेज लावून सांगितलं, गॅस कमी आहे. गॅस मारला. दोन-तीन दिवस झकास चाललं, मग पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा आला, पुन्हा थोडा गॅस मारला, बाहेरचा कंडेन्सर धुतला. आता म्हणतो कंप्रेसर कमजोर झालाय, बदलावा लागेल. आकडा ऐकल्यापासून यजमान गप्प आहेत. बदलायचा का खरंच?

कूलभाऊ_पुणे

ताई, गॅस दोनदा मारून परत कमी होतोय म्हणजे लिकेज आहे. साबणाचं पाणी लावून सगळे जॉइंट बघा. नाहीतर कंप्रेसरचा व्हॉल्व्ह गेला असेल, तेव्हा बदलणं आलंच. तोपर्यंत अलार्म १२ वर ठेवा आणि डिले दोन तास करा, निदान झोपमोड होणार नाही.

नाशिकचा_मेस्त्री

कूलभाऊ, राग मानू नका, पण अलार्म १२ वर ठेवायचा सल्ला पनीरवाल्याला देऊ नका. भोंगा बंद होईल, पनीर आंबायचं बंद होणार नाही.

ताई, कंप्रेसरला हात लावू नका अजून. मी पिंपळगाव-ओझर पट्ट्यात द्राक्षाच्या प्रीकूलिंगवर, म्हणजे तोडलेला माल लगेच गार करण्याच्या कामावर, उभा जन्म काढला आहे. तुमच्या पोस्टमध्येच निम्मं उत्तर आहे. कंप्रेसर खरंच कमजोर असता तर तो मेमध्ये आधी मेला असता. बाहेर ४० डिग्री असताना त्याला जास्त जोर लावावा लागतो, २५ डिग्रीच्या पावसाळी पहाटे नाही. ज्या गड्यानं उन्हाळा काढला तो आषाढात आजारी पडला, तर खोट दुसरीकडे शोधायची.

वारा कमी, पंखे चालू, कंप्रेसर थांबत नाही: हे कॉइल बर्फानं बुजल्याचं लक्षण. आणि आता गेजची गंमत ऐका, कारण इथेच पुष्कळ मेकॅनिक फसतात. तुमची रूम ३ डिग्रीवर असेल तर कॉइल साधारण उणे ५ च्या आसपास चालायला हवी, म्हणजे ४०४ए चं सक्शन (कॉइलकडून कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) गेजवर ६० पीएसआयच्या जवळपास. गॅस कमी असला की हे सक्शन खाली येतं. पण कॉइलवर बर्फाचा थर बसला तरीही सक्शन खालीच येतं! बर्फामुळे हवेतली उष्णता गॅसपर्यंत पोचत नाही, गॅस पुरेसा उकळत नाही, प्रेशर पडतं. ३५-४० दिसतं आणि मेकॅनिक म्हणतो, "गॅस कमी." काटा दोन्ही वेळेला एकाच जागी. फरक काट्यात नसतो, कॉइलवर असतो. गॅस कमी असेल तर कॉइलच्या तोंडाशी, जिथून गॅस आत शिरतो तिथेच थोडी पांढरी पट्टी धरते आणि पुढची कॉइल कोरडी राहते; साइट ग्लास, म्हणजे गॅसच्या नळीवरची काचेची खिडकी, असेल तर त्यात बुडबुडे दिसतात. बर्फानं बुजली असेल तर पत्र्याच्या फटी दिसतच नाहीत, सगळा एकसंध पांढरा ठोकळा.

मग गॅस मारल्यावर दोन-तीन दिवस बरं का चाललं? लिकेज शोधायला त्यानं युनिट किती वेळ बंद ठेवलं होतं? दार उघडं होतं का? माझा अंदाज, दुपारभर बंद होतं आणि बर्फ आपोआप वितळला. गुण गॅसचा नव्हता, सुट्टीचा होता.

आता हे बघून सांगा. कॉइलच्या मागच्या बाजूला, जिथून हवा ओढली जाते तिथे, टॉर्च मारा आणि काय दिसतं ते. मागे म्हणजे मागे. पुढून पंख्याच्या जाळीतून काही कळत नाही. कॉइलमध्ये हीटरच्या सळ्या आहेत का? डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवायचा ठरावीक थांबा) लागतो तेव्हा आतले पंखे फिरत राहतात की थांबतात? ड्रेनचा पाइप बाहेर कुठे आणि कसा सोडलाय? आणि सगळ्यात महत्त्वाचं: उन्हाळ्यापासून आतापर्यंत काही बदललं का? कंट्रोलर, सेन्सर, पंखा, काहीही.

डीफ्रॉस्ट बघायला आत थांबाल तेव्हा दाराचा आतला दांडा ढकलून दार उघडतंय ना, हे आधी तपासा. बाहेर माणूस उभा असू द्या.

दोहाकर

मेस्त्रीकाकांना अनुमोदन. मी मूळचा सांगलीचा, इथे कतारला हॉटेलांच्या कोल्ड रूम बघतो. इथे जूनमध्ये ऊन भाजून काढतं पण हवा कोरडी. ऑगस्ट-सप्टेंबरला समुद्राकडून दमट हवा येते आणि तेव्हा आमचे फोन थांबत नाहीत. लोकांना वाटतं उष्णता म्हणजे थर्मामीटरचा आकडा. पण हवेतल्या वाफेतही उष्णता असते.

ताईंच्या मे आणि जुलैचा हिशोब मांडतो. ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रता अशी उन्हाळी हवा घेतली तर एका किलो हवेत मिळून ६४ किलोज्यूलच्या आसपास उष्णता असते. २८ डिग्री आणि ९० टक्क्यांची पावसाळी हवा घ्या, ती जाते ८३ वर. रूममधली ३ डिग्रीची ओली हवा असते १५ च्या जवळपास. म्हणजे दार उघडल्यावर आत शिरणारी "गार" पावसाळी हवा थंड करायला, मेमधल्या झळांपेक्षा जवळजवळ दीडपट काम पडतं. हाताला गार लागते म्हणून आपण फसतो.

शिवाय पाणी. पावसाळी हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम वाफ, उन्हाळी हवेत १० ग्रॅम. ३ डिग्रीला हवा धरू शकते जेमतेम ६. उरलेली वाफ कॉइलवर जाते आणि कॉइल शून्याखाली, म्हणजे बर्फ. तुमची रूम आहे ९६० घनफूट, २७ घनमीटर. आतली हवा एकदा पूर्ण बदलली की अर्धा लिटर पाणी कॉइलवर. टेम्पो भरताना दार सताड उघडं असेल तर किती वेळा बदलते याचा विचार करा.

पाटणची_ताई

बापरे. दोघांचे आभार. आज दुपारी वेळ काढून सगळं बघितलं.

मागून टॉर्च मारला. खालचा अर्धा भाग पांढराशुभ्र ठोकळा, फटी अजिबात दिसत नाहीत. वरच्या भागात थोड्या दिसतात. आणि हे दुपारी, जेव्हा आकडा ४ असतो तेव्हा!

हीटर नाही. यजमानांनी जुनं बिल काढलं, त्यात "एअर डीफ्रॉस्ट" असं लिहिलंय.

डीफ्रॉस्ट लागला तेव्हा पंखे थांबले. कंप्रेसर थांबला, पंखे थांबले, वीस मिनिटं सगळं चिडीचूप. नंतर दोन्ही चालू झाले. पाण्याचा एक थेंब ड्रेनमधून आला नाही.

बदललं काय, तर हो. मेच्या शेवटी वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा कंट्रोलर जळला. मेकॅनिकनं त्याच दिवशी नवीन बसवला, दुसऱ्या कंपनीचा, कारण जुना मिळत नव्हता. त्यानंतर तीन आठवडे काही त्रास नव्हता, म्हणून मी लिहिलंच नाही. सेन्सरही त्याच्याबरोबर आलेला नवा आहे, दाराच्या वर टांगलाय.

ड्रेनचा पाइप भिंतीतून सरळ बाहेर जाऊन गटारावर सोडलाय.

आणि गॅस मारला त्या दिवशी खरंच दुपारभर युनिट बंद, दार उघडं होतं. माल आम्ही शेजारच्या आइस्क्रीमवाल्यांकडे नेऊन ठेवला होता.

नाशिकचा_मेस्त्री

झालं, सापडलं. आता समजून घ्या, म्हणजे मेकॅनिकला समजावता येईल.

कॉइलवरचा बर्फ काढायच्या पद्धती दोन-तीन असतात. फ्रीझर रूममध्ये, उणे १८ वगैरे, कॉइलमध्ये हीटर असतो. डीफ्रॉस्टला कंप्रेसर थांबतो, हीटर तापतो, आणि पंखे मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर गरम हवा मालावर जाईल. तुमच्यासारख्या ३ डिग्रीच्या रूमला हीटर लागत नाही. तिथे कंप्रेसर थांबवायचा आणि पंखे चालू ठेवायचे. रूमचीच ३-४ डिग्रीची हवा कॉइलवरून फिरते आणि बर्फ वितळवते. हाच एअर डीफ्रॉस्ट.

नवा कंट्रोलर खोक्यातून काढला तसा बसवला गेला. बहुतेक कंट्रोलर कारखान्यातून हीटरवाल्या सेटिंगवर येतात: डीफ्रॉस्टला पंखे बंद. तुमच्याकडे हीटर नाही, म्हणजे तापवायला काही नाही. आणि पंखे बंद, म्हणजे हवाही नाही. वीस मिनिटं कॉइल नुसती बसून राहते. डीफ्रॉस्ट फक्त डिस्प्लेवर होतोय. जूनच्या सुरुवातीला हवा अजून तेवढी ओली नव्हती, जो थोडा दंव धरायचा तो कंप्रेसर मधेमधे थांबला की निघून जायचा. पाऊस धरला आणि बर्फ उरायला लागला. बर्फ उरला की रूम लवकर गार होत नाही, म्हणून कंप्रेसर थांबत नाही, म्हणून अजून बर्फ. तिथून पुढे सुटका नाही.

पहाटेच का, तेही यातच आलं. संध्याकाळी तुम्ही दिवसाचा माल आत टाकता, दार उघडझाप होते, ओल आत जाते, रात्रभर ती कॉइलवर गोठते. पहाटेपर्यंत फटी बुजतात. त्यात चारच्या सुमाराला तो खोटा डीफ्रॉस्ट लागला की वीस मिनिटं गारवा बंद आणि बर्फ तसाच. आकडा ८ च्या वर गेला, भोंगा वाजला. आणि यजमान मेन स्विच बंद करून दार उघडं टाकून टेम्पो भरतात, तेव्हा बाहेरच्या हवेनं थोडा बर्फ वितळतो. तुमच्या रूमचा दिवसातला एकमेव खरा डीफ्रॉस्ट यजमानांच्या हातून होत होता, म्हणून दिवसभर चालत होतं. टेम्पो गेल्यावर युनिटखाली पाणी सांडलेलं असतं ना? ते तेच.

करायचं असं. एक दिवस माल हलवा. कंप्रेसर बंद, पंखे चालू, दार उघडं, बर्फ पूर्ण जाईपर्यंत. मागच्या बाजूनं शेवटची फट मोकळी दिसेपर्यंत चालू करायचं नाही. आत थोडा गाभा राहिला तर आठ दिवसांत पुन्हा तेच. घाई असेल तर मेन बंद करून, पंख्याच्या मोटरी झाकून, नळाचं साधं पाणी हळूहळू सोडा. स्क्रू ड्रायव्हर, सुरी, उलथनं यातलं काहीही कॉइलला लावायचं नाही. ॲल्युमिनियमच्या पात्यांमागे तांब्याची नळी आहे, ती फुटली तर गॅस खरंच जाईल आणि मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल.

मग कंट्रोलरचं पुस्तक काढून डीफ्रॉस्टच्या वेळी पंखे चालू अशी नोंद करा. डीफ्रॉस्टचा प्रकारही हीटरवरून साध्या थांब्यावर आणा. पावसाळ्यात दर चार तासांनी, अर्धा तास. अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, पुस्तकाशिवाय अंदाजानं बटणं दाबू नका. डीफ्रॉस्ट संपल्यानंतर अर्धा तास अलार्म गप्प राहील असं वेगळं सेटिंग बहुतेकांत असतं, ते लावा. पण ८ चा आकडा हलवू नका.

एक गोष्ट लक्षात घ्या. साध्या कंट्रोलरमध्ये घड्याळ नसतं, तो वीज आल्यापासून तास मोजतो. रात्री दहाला लाईट जाऊन आली तर दहापासून मोजणी. तुमच्याकडे पावसात लाईट जाते, तेव्हा डीफ्रॉस्ट नेमका टेम्पोच्या वेळेवर येऊन बसू शकतो. त्यामुळे एखाद्या दिवशी वेगळ्या वेळेला आकडा वर दिसला तर घाबरू नका, आधी लाईट कधी गेली होती ते आठवा.

बर्फ गेल्यावर, रूम ३-४ वर आल्यावर, मगच गेज लावा. आता गॅस जास्त झालेला सापडेल असं माझं मत. या दिवसांत बाहेर २५-२८ डिग्री असताना हेड प्रेशर (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं) २५०-२६० पीएसआयच्या आसपास हवं. ३०० च्या वर दिसलं आणि कंडेन्सर स्वच्छ असेल, तर जास्तीचा गॅस काढायचा, सिलिंडरमध्ये, हवेत नाही. सगळ्यात चोख म्हणजे पूर्ण काढून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनानं पुन्हा भरणं. आणि ४०४ए तीन गॅसांचं मिश्रण आहे, सिलिंडरमधून लिक्विडच घ्यायचा, वाफ नाही. बर्फ असताना भरलेला जास्तीचा गॅस पुढे लिक्विड होऊन कंप्रेसरमध्ये परत येतो आणि व्हॉल्व्ह तोडतो. मग खरंच कंप्रेसर बदलावा लागतो.

ड्रेनच्या पाइपला बाहेर यू आकाराचं वळण द्या, त्यात पाणी साठून राहील असं. सध्या आतले पंखे त्या पाइपमधून गटारावरची ओली हवा चोवीस तास आत ओढतायत. पनीरच्या रूममध्ये गटाराची हवा, हे मी वेगळं सांगायला नको.

सेन्सर दाराच्या वरून काढा. तिथे तो रूमचं नाही, दाराचं तापमान सांगतो. कॉइलकडे परत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर लावा.

म्हापश्याचो_मासळीवालो

मी मासळीची रूम चालवतो, गोव्यात पावसाळा म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. माझ्या मते हीटर बसवून टाका, एकदाच खर्च. एअर डीफ्रॉस्टवर माझा विश्वास नाही, रूम २ च्या खाली गेली की तो चालतच नाही.

नाशिकचा_मेस्त्री

तुमचं बरोबर आहे, तुमच्या रूमपुरतं. मासळी शून्याच्या आसपास ठेवता, तिथे हवाच इतकी गार की तिनं बर्फ वितळत नाही. आमच्याकडे द्राक्षाच्या रूमही शून्यावर असतात, त्यांना हीटर नाहीतर पाण्याचा डीफ्रॉस्ट लागतोच. पण ताईंची रूम ३ वर आहे, ३ ते ५ मध्ये फिरेल. तिथे पंखे चालले की काम होतं. कोणी पनीर जास्त टिकावं म्हणून सेटिंग १ वर नेलं तर मग मात्र तुमचा सल्ला.

डेअरीची_बाई

मी दुग्धतंत्रज्ञान शिकवते, म्हणून मालाबद्दल थोडं. ताई, डिस्प्लेवर १० दिसलं म्हणजे पनीर १० झालं असं नाही. हवा लवकर तापते, माल हळू. एका बाटलीत पाणी भरून त्यात थर्मामीटरची सुई बुडवून मधल्या रॅकवर ठेवा. ती बाटली मालाच्या जवळचा आकडा सांगेल. ती ५ च्या आत राहिली तर निश्चिंत राहा. रोज पहाटे वर जात असेल तर मात्र टिकण्याचे दिवस कमी धरा.

चक्का आंबट असतो, तो थोडं सोसतो. पनीरमध्ये ओलावा जास्त, नियमानं ६० टक्क्यांपर्यंत चालतो, आणि आंबटपणा कमी. ते आधी जातं, वरून चिकट व्हायला लागतं. तेव्हा पनीर आत, हवेच्या झोतात, आणि चक्का दाराकडे अशी मांडणी करा. क्रेट भिंतीला आणि एकमेकांना चिकटवू नका. आणि पनीर आत नेण्यापूर्वी गार पाण्यात पूर्ण थंड करता ना? कोमट ठोकळे आत गेले तर ते स्वतःच वाफ सोडतात.

पाटणची_ताई

कळवायला उशीर झाला, कारण इकडे धो-धो पाऊस आणि लाईटचा लपंडाव.

मेकॅनिकला हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. आधी जरा चिडला, मग कंट्रोलरचं पुस्तक गाडीतून काढून आणलं. चांगला माणूस आहे. माल पुन्हा आइस्क्रीमवाल्यांकडे गेला. बर्फ जायला सकाळ गेली. शेवटचा गाभा मागच्या कोपऱ्यात होता, मुठीपेक्षा मोठा. पंख्याचं सेटिंग खरंच "डीफ्रॉस्टला बंद" असंच निघालं. बदललं. चार तास, अर्धा तास, सगळं तुम्ही सांगितलं तसं. रूम ४ वर आल्यावर गेज लावलं तर हेड ३२० च्या वर. गॅस काढून वजनानं भरला. मेकॅनिक त्यानंतर कंप्रेसरबद्दल काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

पहिल्या डीफ्रॉस्टला ड्रेनमधून धार लागली, सासूबाई बघायला आल्या होत्या. तेव्हापासून पहाटे डिस्प्ले ४-५ च्या आत आणि बाटलीतला थर्मामीटर ४ वर. भोंगा वाजला नाही. टेम्पो भरताना आता दाराला प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्यात. यजमानांना त्या तोंडावर येतात म्हणून आवडत नाहीत, पण त्यांना सांगितलंय की मेन स्विचला हात लावायचा नाही.

यू वळण दिलं. सेन्सर हलवला. पनीर गार पाण्यातून काढूनच आत जातं, तिथे आमचं चुकत नव्हतं.

एकच राहिलंय. दाराच्या चौकटीवर बाहेरून पाणी सुटतं, खाली थारोळं होतं. रबर बदलू का?

नाशिकचा_मेस्त्री

रबर आधी तपासा. दहाची नोट दार आणि रबराच्या मधे धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, कोपऱ्यात जास्त लक्ष द्या. फट नसेल तर पाणी चौकट गार पडल्यामुळे येतंय. फ्रीझर रूमला चौकटीत हीटरची वायर असते, तुमच्या रूमला बहुतेक नसेल.

पण मला सांगा, दूध तापवायची कढई कुठे आहे?

पाटणची_ताई

कोल्ड रूमच्या समोरच, आठ-दहा फुटांवर. जागा तेवढीच आहे. वाफ होते खरी, खिडक्या पावसामुळे बंद असतात.

दोहाकर

काका, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं!

नाशिकचा_मेस्त्री

मग हवामान खात्याची ९० टक्के आर्द्रता विसरा, तुमच्या दारासमोर शंभर आहे. कढईच्या बरोबर वर, छताजवळ, बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवा, बारा इंची चालेल. बाहेरून पावसाची झापड असलेला. त्याची हवा कंडेन्सरच्या शेडकडे जाता कामा नये, उलट्या भिंतीला लावा. आणि आत येणाऱ्या हवेला कुठूनतरी वाट हवी. सगळं बंद करून पंखा लावला तर तो कोल्ड रूमच्या दाराच्या फटीतूनच हवा ओढेल. कढईकडची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

उकळी चालू असताना कोल्ड रूमचं दार उघडायचं नाही, एवढं कामाच्या बायकांना सांगून ठेवा.

पाटणची_ताई

उलट्या भिंतीला गोठा आहे, म्हशींच्या अंगावर वाफ जाईल. तिसरी भिंत मोकळी आहे, तिकडे लावते. पावसानं उघडीप दिली की गवंडी येतोय.

नाशिकचा_मेस्त्री

तिसरी चालेल. भोक पाडताना पंख्याच्या मापापेक्षा जास्त फोडू देऊ नका, गवंड्यांना मोठं भोक पाडायची हौस असते.